बिदागीची वही कुठे आहे?

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या शेवटाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती मिरजेला, मामाच्या घरी, उरुसाच्या रात्री. दर्ग्याच्या आवारातलं गाणं ऐकून आम्ही परतलो होतो. मामा ओसरीवर बसून सांगत होता. 27 ऑक्टोबर 1937. खाँसाहेब पाँडिचेरीला निघालेले. गाडीत छातीत कळ आली म्हणून सिंगापेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा लावला, दरबारीत प्रार्थना गायली आणि डोळे मिटले. पुढे त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्यात दफन केलं. इथवर आला की मामाचा आवाज दाटून यायचा. आम्ही पोरंही गप्प व्हायचो.

ही गोष्ट सांगताना माझा गळा आजही भरून येतो. पण कितीतरी वर्षं मला वाटायचं की खाँसाहेबांचं चरित्र म्हणजे एवढंच. मग त्यांच्यावरचं आणि त्यांच्या मुलांवरचं लिखाण वाचत गेले, तेव्हा कळलं की 1922 साली त्यांच्या पत्नी ताराबाई पाच मुलांना घेऊन त्यांच्या घरातून बाहेर पडल्या होत्या. मुलांनी वडिलांचं नाव टाकलं आणि आईकडचं माने हे आडनाव लावलं. ही मुलं म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे आणि त्यांची भावंडं. महाराष्ट्रात आपण किराणा घराण्याचं जे गाणं ऐकत आलो, त्यातलं केवढं तरी या मोडलेल्या घरातून आलेलं आहे. ताराबाईंनी त्यानंतर घर कसं चालवलं असेल? पदरी पाच मुलं, 1922 साल, आंतरधर्मीय संसार मोडलेला. नूतन संगीत विद्यालय उभं राहिलं, हिराबाई रंगभूमीवर आल्या, मैफली करू लागल्या. त्या मैफलींच्या पैशावर कुणाकुणाचं पोट होतं? फलाटावरच्या तंबोऱ्याबद्दल आपल्याला सगळं तोंडपाठ आहे. या घरातल्या चुलीबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नाही.

गायक-वादकांची चरित्रं आपल्याकडे भरपूर वाचली जातात, भेटीदाखल दिली जातात, त्यांच्यावर चित्रपट निघतात, नाटकं येतात. पण आपण ती आरतीसारखी लिहितो आणि आरतीसारखीच वाचतो. माझं म्हणणं असं की गाणाऱ्याचं चरित्र हे आधी एका कामकरी माणसाचं चरित्र असतं. त्याला बिदागी, म्हणजे गाण्याचे पैसे, कोण देत होतं, किती आणि कधी देत होतं, त्याच्या घरी पाणी कोण भरत होतं, त्याच्या डावी-उजवीकडे साथीला कोण बसत होतं, हे ज्या पुस्तकात नाही ते पुस्तक गाण्याबद्दलही अपुरंच सांगतं. याचा फटका शिकणाऱ्यांना बसतो. मला बसला, म्हणून हे लिहिते आहे.

एकोणीस वर्षांची असताना मी एका थोर गायकाचं चरित्र वाचलं. पहाटे तीनला उठून खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, मग दिवसभर पलटे, म्हणजे स्वरांच्या फिरवून म्हणायच्या रचना, रात्री पुन्हा रियाज. चौदा तास, सोळा तास. पुस्तकाला खाकी कव्हर होतं आणि कुणीतरी आधीच्या वाचकाने त्या तासांच्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. मीही मनात रेघ मारली. माझ्या शिक्षकांनी कौतुकच केलं. मी पहाटे उठून चार-चार तास खर्ज लावू लागले. दीड महिन्यात आवाज फुटायला लागला, तिसऱ्या महिन्यात मध्यसप्तकातला गंधारसुद्धा नीट लागेना. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आल्याचं सांगितलं. सात आठवडे बोलायचंही नाही. घरात पाटी घेऊन फिरत होते. आई भाजी काय करू विचारायची आणि मी खडूने लिहायचे.

त्या पुस्तकात सोळा तास होते, पण त्या सोळा तासांत प्रत्यक्ष गाणं किती आणि ऐकणं किती, गुरूसमोर बसून स्वर तपासून घेणं किती, मनातल्या मनात चीज घोळवणं किती, यातलं काहीच नव्हतं. आजारपण तर नव्हतंच. गळा बसलेले दिवस नव्हते. जणू देवाने दिलेला गळा होता आणि माणसाने फक्त पहाटे उठायचं काम केलं.

याउलट अल्लादिया खाँसाहेबांचं पाहा. उमेदीच्या काळात ते अमलेटा संस्थानात होते. तिथे गाणं इतकं झालं की त्यांचा आवाज गेला. जवळजवळ दोन वर्षं ते गाऊ शकले नाहीत आणि परत आला तो आवाज पहिल्यासारखा नव्हता. जयपूर-अत्रौली घराण्याची ती वळणावळणाची, लयीला चिकटून चालणारी, श्वासाचा पल्ला मागणारी गायकी त्यानंतर घडत गेली, असं जाणकार सांगत आले आहेत. आता ही हकिगत नीट वाचली तर काय दिसतं? दरबारी गवई हा नोकर होता. धन्याने गा म्हटलं की गायचं, आजही, उद्याही. त्या नोकरीने एका माणसाचा गळा खाल्ला आणि त्या माणसाने उरलेल्या आवाजात काय काय करता येईल याचा विचार करून एक गायकी उभी केली. एकोणिसाव्या वर्षी हे मला कुणी वाचायला दिलं असतं, तर आवाज बसल्यावर मी पहाटेचे तास वाढवले नसते. थांबले असते.

अल्लादिया खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगून लिहवून घेतल्या, हे आपलं नशीब. 1855 साली जन्मलेला, शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात दोन तपांहून जास्त काढलेला, महाराज 1922 साली गेल्यावर उतारवयात मुंबई गाठलेला हा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला. असे किती बोलले? ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची तोंडी हकिगत टिपून घ्यायला माणूस लागतो. बा. र. देवधरांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या शाळेत देशभरचे कलावंत यायचे. देवधर त्यांना विचारायचे, ऐकायचे आणि ‘संगीत कला विहार’मधून लिहायचे. त्यातूनच ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक झालं. देवधर स्वतः गाणारे होते, कुमार गंधर्वांचे गुरू होते. श्रद्धा त्यांच्याकडे कमी नव्हती, तरी माणूस जसा दिसला तसा ते मांडत. मराठीत हा रस्ता होता, आपण तो अर्ध्यावर सोडला.

रहिमत खाँची हकिगत मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचा हा मुलगा, ‘भूगंधर्व’ म्हणून लोक ज्याला ओळखत. वडील गेल्यावर, अफूच्या आहारी जाऊन, बनारसमध्ये भणंग अवस्थेत तो विष्णुपंत छत्र्यांना सापडला. विष्णुपंत म्हणजे सर्कसवाले छत्रे. त्यांनी स्वतः हद्दू खाँकडे गाणं शिकलेलं होतं. गुरूच्या मुलाला त्यांनी जवळ ठेवून घेतलं. सर्कस गावोगाव जायची आणि तिच्याबरोबर रहिमत खाँही. विष्णुपंत गेल्यावर त्यांच्या भावाने, काशिनाथपंतांनी, ती जबाबदारी पुढे चालवली. खाँसाहेबांचे शेवटचे दिवस कुरुंदवाडला गेले. त्यांचं जे थोडंफार ध्वनिमुद्रण आज आपण ऐकू शकतो ते कशामुळे आहे? एका सर्कशीच्या उत्पन्नामुळे आहे. घोडे, वाघ, झोपाळ्यावरच्या कसरती पाहायला आलेल्या लोकांच्या तिकिटांवर एका अफूबाज गवयाचं जेवणखाण चाललं म्हणून तो आवाज तबकडीपर्यंत पोचला. रहिमत खाँबद्दल अफूचं आणि विक्षिप्तपणाचं आपण चवीने बोलतो. सांभाळणाऱ्या त्या दोन भावांचं घर कसं चाललं असेल, खाँसाहेबांचं दुखलंखुपलं कोण बघत असेल, हे सांगणारा चरित्रकार अजून यायचा आहे.

बायकांच्या बाबतीत तर ही पोकळी फारच मोठी आहे. किराणा घराण्याच्या गायिका गंगूबाई हनगल म्हणायच्या की पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, आणि केसरबाई केरकर-मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिका मात्र बाईच राहतात. गंगूबाई स्वतः 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजींसमोर, अकरा वर्षांच्या असताना स्वागतगीत गायल्या होत्या. त्या वेळी मनात धाकधूक कसली होती, तर आपल्याला जेवणाच्या पत्रावळी उचलायला तर लावणार नाहीत ना, ही. या एका वाक्यात त्या काळातल्या गाणाऱ्या मुलीची जात, तिचं घर, तिचं समाजातलं स्थान सगळं आलं. हे त्यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. चरित्रकाराने ‘बालवयातच महात्माजींसमोर गाण्याचा मान’ एवढं लिहिलं असतं तर वाचणारा खूश झाला असता आणि त्याच्या हाती काही लागलं नसतं.

मोगूबाई कुर्डीकरांचं तालमीचं प्रकरण घ्या. गोव्यातल्या कुर्डी गावची मुलगी. ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पायऱ्या, जोती, देवळाचे अवशेष वर येतात. आई लहानपणीच गेली. नाटक कंपनीत वाढली. सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांनी तिचा आवाज ऐकला आणि शिकवायला सुरुवात केली. खाँसाहेब मुंबईला गेले तशी तीही मागोमाग मुंबईत आली. पण तोवर केसरबाईंची तालीम सुरू झालेली होती आणि केसरबाईंच्या बाजूने अट अशी होती की खाँसाहेबांनी दुसऱ्या कुणाला शिकवू नये. मोगूबाई मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, तिथेही अडथळे आले, आणि अखेर बऱ्याच वर्षांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधता आला.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? एक तर दोन बायकांमधला मत्सर म्हणून, नाहीतर शिष्येच्या निष्ठेची परीक्षा म्हणून. दोन्ही तऱ्हांनी खरी गोष्ट हातातून निसटते. विद्या हा त्या काळी करार होता. राजाश्रय संपत आलेला, खाँसाहेबांच्या पाठीशी मोठं कुटुंब, मुंबईत शेठ-सावकारांच्या पैशावर तालीम उभी राहणार. केसरबाईंनी आपल्या आयुष्याची पुंजी एका गुरूवर लावली होती आणि ती सुरक्षित ठेवायची धडपड केली. एकटीने जगणाऱ्या कलावंतिणीला दुसरं कुठलं भांडवल होतं? मोगूबाईंकडे तेवढे पैसे नव्हते. दोघींचीही बाजू समजून घ्यायची तर आकडे लागतात, अटी लागतात, कोण कुठल्या खोलीत राहत होतं आणि भाडं किती होतं ते लागतं. ते नसलं की दोन असामान्य गायिकांची कहाणी चाळीतल्या नळावरच्या भांडणासारखी सांगितली जाते, आणि याची मला मनापासून चीड येते.

याच मोगूबाईंच्या, माईंच्या, लेकीबद्दल, गायिका किशोरी आमोणकरांबद्दल, म्हणजे किशोरीताईंबद्दल, ‘लहरी’ हा शब्द आपण किती वर्षं वापरला. मैफलीत बोललेलं खपत नाही, उशिरा सुरू करतात, खोली नीट हवी, गाडी हवी. ताईंनी स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की आईबरोबर तंबोऱ्याच्या साथीला जाताना आईला कशी वागणूक मिळते ते मी पाहिलं आहे, आणि तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. हे वाचल्यावर त्यांच्या त्या अटींचा अर्थच पालटतो. लहर कुठली, एका मुलीने आईच्या अपमानाचा धडा घेऊन केलेला तो कामाच्या अटींचा आग्रह होता. आज कितीतरी तरुण गायिका मानधनाबरोबर प्रवास आणि राहण्याची व्यवस्था लेखी ठरवून घेतात, त्यामागे या मायलेकींचा वाटा आहे.

मग साथीदार. गोविंदराव टेंब्यांनी 1939 साली ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं. ते पुस्तक मला इतकं का आवडतं, याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं की ते पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, साथीला बसलेल्या माणसाने लिहिलेलं आहे. गायकाच्या शेजारी बसणाऱ्याला जे दिसतं ते समोर बसणाऱ्याला दिसत नाही. पण टेंबे संगीतकार होते, नट होते, कंपनीचे भागीदार होते, लेखणी हाती होती. बाकीच्यांचं काय? 1940 साली रेडिओने हार्मोनियमला बंदी केली आणि ती तीन दशकं टिकली. श्रुतींचा, म्हणजे सूक्ष्म स्वरांचा, वाद, विदेशी वाद्याचा वाद, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. त्या तीस वर्षांत रेडिओवरचं काम बुडालेल्या पेटीवाल्यांनी काय केलं, कोण शिकवण्या करू लागलं, कोण भजनी मंडळात गेलं, कुणी पेटी विकली, यावर मला एक पुस्तक दाखवा. सारंगियांचंही, म्हणजे सारंगीची साथ करणाऱ्यांचंही, तेच. एक रामनारायण साथ सोडून स्वतंत्र वादनाकडे वळले आणि जगभर गेले, म्हणून त्यांचं नाव राहिलं. बाकीचे ध्वनिमुद्रणात ऐकू येतात, पण वेष्टनावर नावसुद्धा नसतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलका मानत नाही. लोक म्हणतात, गाणं ऐका, माणसाच्या घरात कशाला डोकावता? सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींचं उदाहरण देतात. त्यांनी मुंबईतल्या आपल्या घराचं दार मिटून घेतलं, मैफली सोडल्या, निखिल बॅनर्जी-हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवले आणि 2018 साली गेल्या. त्यांना बोलायचं नव्हतं, तो हक्क त्यांचा होता. हे मला मान्य आहे. पण त्याच संसाराबद्दल त्यांचे एकेकाळचे पती, सतारवादक रविशंकर, यांची बाजू त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातून जगभर वाचली गेली. जो लिहितो त्याचं खरं ठरतं, गप्प राहणाऱ्याचं अफवेवर सोडलं जातं. आणि घरात डोकावणं वेगळं, घर कसं चाललं ते विचारणं वेगळं. कुणाचं कुणाशी काय होतं, यात मला रस नाही. तसली पुस्तकं मीही अर्ध्यावर मिटली आहेत. नट-गायक बालगंधर्वांच्या उतारवयाबद्दल लिहिताना सगळा दोष त्यांच्या सहचारिणी गोहरबाईंच्या पदरात टाकणारं लिखाण त्याच जातीचं. त्यात गोहरबाई स्वतः नावाजलेल्या गायिका होत्या हे विसरलं जातं, आणि त्यांच्या नाटक कंपनीवरचं कर्ज त्या येण्याआधीपासूनचं होतं हेही. भरजरी शालू, अत्तरं, उंची पडदे पाहून टाळ्या वाजवणारं प्रेक्षागृह त्या कर्जात भागीदार नव्हतं का?

12 मार्च 1911 ला ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. ही हकिगत शाळेत निबंधात लिहिली जाते, कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून. त्या घरात त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काय करत होत्या, हे शंभरहून जास्त वर्षांत किती जणांनी विचारलं? राघवेंद्र भीमसेन जोशींचं ‘गाणाऱ्याचे पोर’ मला म्हणूनच मोलाचं वाटतं. भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळाले, विनातिकीट गाडीत गात गात उत्तरेत फिरले, ही कथा आपण हजारदा ऐकली. त्यांच्या पहिल्या संसारातल्या मुलाने घराच्या बाजूने लिहिलं तेव्हा काही जणांना ते रुचलं नाही. मी ते वाचून लगेच भीमसेनजींचा मारवा लावला. आवाजाची ती ओढ तेवढीच खरी होती, आणि ते घरही तेवढंच खरं होतं. रसिक एवढं दोन्ही हातांत धरू शकत नाही, असं समजणं हा रसिकाचा अपमान आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कलावंत गेला की घरचे तंबोरा आणि फोटो जपतात, कागद रद्दीत जातात. ते कागद जपा. पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या, रेडिओची करारपत्रं, दवाखान्याची बिलं. संगीत शिकवणाऱ्या विद्यापीठांनी ती मागून घ्यावीत, विद्यार्थ्यांना एखाद्या रागाचं चलन लिहायला लावतात तसं एखाद्या गावच्या साथीदाराचं काम लिहायला लावावं. स्मृतिसमारोह करणाऱ्या मंडळांनी स्मरणिकेतल्या जाहिरातींमधली दोन पानं त्यासाठी ठेवावीत. प्रकाशकांनी हस्तलिखित आलं की विचारावं, यात बिदागी कुठे आहे?

आमच्या गावातल्या एका तबलजी काकांच्या सुनेने मागच्या वर्षी मला त्यांची एक वही दिली. रद्दीवाला खाली उभा होता, तिने वरून हाक मारली म्हणून मी जिना चढले. लाल कापडी पाठीची, किराण्याच्या दुकानात मिळते तशी उभी वही. प्रत्येक ओळीत तारीख, गाव, कुणाची साथ, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम. ठरलेली आणि मिळालेली बहुतेक ओळींत वेगळी आहे. एका ओळीत पासष्ट ठरले, चाळीस मिळाले, ‘बाकी दिवाळीला देतो म्हणाले’. खाली तबल्याच्या पुडीची, म्हणजे कातड्याची, नोंद, नवी वादी (कातड्याची दोरी) घातल्याचा खर्च, एस.टी.चं परतीचं भाडं स्वतःच्या खिशातून. आणि त्याच ओळीच्या कडेला, जागा उरली नव्हती म्हणून बारीक आडव्या अक्षरात: ‘बाईंचा पंचम आज असा लागला की मी दोन आवर्तनं ठेका धरून नुसता ऐकत राहिलो.’